नाताळच्या गर्दीतला मारेकरी

प्रश्न : नाताळच्या दिवसांत घडणारा, पण फारसा चर्चेत नसलेला एखादा जुना गुन्हेपट सुचवाल का? सण केवळ रोषणाईपुरता नसावा, एवढीच अपेक्षा आहे.
– एक वाचक, सातारा

उत्तर : ॲलन बॅरन यांचा ‘ब्लास्ट ऑफ सायलेन्स’ (१९६१) हा कृष्णधवल अमेरिकी चित्रपट आपण अवश्य पाहावा. सुपारी घेऊन खून करणारा फ्रँकी बोनो नाताळच्या तोंडावर क्लीव्हलँडहून न्यूयॉर्कला येतो आणि आपल्या सावजावर पाळत ठेवत शहरभर फिरतो, एवढेच त्याचे कथानक आहे. मात्र अनाथाश्रमात वाढलेल्या या माणसाला सणाचे दिवस मुळातच असह्य होतात. त्यातच आश्रमातला जुना सोबती भेटतो, त्याची बहीण आपुलकीने बोलू लागते आणि इतकी वर्षे जपलेला कोरडेपणा नेमका कामाच्या वेळी ढळू लागतो. सण नसता तर ही कथाच घडली नसती, असे मला वाटते.

पैसा तुटपुंजा असल्यामुळे बरेचसे चित्रीकरण प्रत्यक्ष रस्त्यांवरच झाले. सजलेली दुकाने, रॉकफेलर सेंटरचा परिसर आणि खरेदीला निघालेली माणसे यांच्यामधून फ्रँकी बराच वेळ नुसता चालत राहतो. ही दृश्ये घाईने पाहू नयेत, कारण चित्रपटाचा प्राण तिथेच आहे. या चालण्यावर एक खरखरीत आवाज सतत बोलत असतो आणि तो फ्रँकीला ‘तू’ म्हणून हाक मारत त्याच्या मनातला द्वेष त्यालाच ऐकवतो. हा आवाज लायोनेल स्टँडर यांचा, तर निवेदनाचे शब्द वॉल्डो सॉल्ट यांचे. हॉलिवूडने साम्यवादी असल्याच्या संशयावरून दोघांनाही काळ्या यादीत टाकले होते, त्यामुळे स्टँडर यांचे नाव श्रेयनामावलीत आलेच नाही आणि सॉल्ट यांना टोपणनाव घ्यावे लागले. पुढे याच सॉल्ट यांना पटकथेसाठी दोन ऑस्कर मिळाले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या अन्यायाची चीड अधिकच येते.

फ्रँकीची भूमिका आधी पीटर फॉक करणार होते. त्यांना दुसरा चित्रपट मिळाल्याने ती दिग्दर्शक बॅरन यांनी स्वतःच केली. त्यांचा अवघडलेला, मिटलेला चेहरा या एकाकी माणसाला इतका शोभतो की कसलेल्या नटाची उणीव मला कुठेही जाणवली नाही. शेवटच्या प्रसंगातले वादळही खरेच आहे. १९६० च्या ‘डोना’ चक्रीवादळात ते चित्रीकरण झाले. चित्रपट सव्वा तासाच्या आसपास संपतो.