व्हिडिओतून फोटो काढला की काळा चौकोन येतो, शिवाय व्हिडिओ अडकत चालतो. काय करावं?

प्रिंट स्क्रीनचा नाद सोडा. बऱ्याचदा व्हिडिओचं चित्र ग्राफिक्स कार्ड परस्पर पडद्यावर टाकतं, म्हणून स्क्रीनशॉटमध्ये त्या जागी नुसता काळा चौकोन उरतो. व्हीएलसी प्लेअरमध्ये फाइल उघडा, हव्या जागेच्या जरा आधी थांबवा आणि 'ई' दाबत एकेक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक स्थिर चित्र, पुढे सरका. सेकंदाला साधारण २५-३० फ्रेम असतात. एकीत डोळे मिटलेले, पुढच्या दोन-तीनमध्ये उघडे, त्यामुळे घाई नको. नेमकी फ्रेम सापडली की शिफ्ट आणि एस. फोटो विंडोजच्या पिक्चर्स फोल्डरमध्ये जातो, तोही व्हिडिओच्या मूळ आकारात. हलत्या हाताची फ्रेम पुसटच येणार, तिथे इलाज नाही.

अडकण्याचं म्हणाल तर आधी ग्राफिक्स ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट करा. तरी तेच असेल तर व्हीएलसीच्या टूल्स, प्रेफरन्सेसमध्ये इनपुट/कोडेक्स उघडून हार्डवेअर डीकोडिंग (व्हिडिओ उलगडण्याचं काम ग्राफिक्स कार्डाकडे देणं) 'डिसेबल' करून बघा. फक्त फोरके (खूप मोठ्या चित्राची) फाइलच अडकत असेल तर बहुधा मशीनच जुनं आहे. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या मोफत प्रोग्रामने ती १०८०पी (लहान आकार) आणि एच.२६४ या सर्रास चालणाऱ्या प्रकारात करून घ्या. आणि हो, इंटरनेटवरून सापडेल तो कोडेक पॅक (व्हिडिओ उलगडणाऱ्या छोट्या प्रोग्रामांचा संच) टाकत बसू नका, त्याने गुंता वाढतोच.