नवी एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) प्रणाली सुरू करण्याआधी

आधी नवी प्रणाली शॅडो मोडमध्ये चालवा: रडार आणि फ्लाइट प्लॅनचा खराखुरा डेटा दोन्हीकडे जाऊ द्या, पण विमानांना सूचना जुन्या पडद्यावरूनच. सगळ्यात जास्त घोळ होतो तो ट्रॅक (रडारवर दिसणारी विमानाची खूण) आणि फ्लाइट प्लॅनच्या जोडणीत. ट्रान्सपाँडरचे (विमानातून रडारला ओळख-कोड पाठवणाऱ्या यंत्राचे) कोड फक्त 4096, त्यामुळे तेच पुन्हा वापरावे लागतात. एकच कोड दोन विमानांकडे आला की लेबलवर भलताच कॉलसाइन (विमानाचे रेडिओवरचे नाव) चढू शकतो. ही चूक जीवघेणी आहे, म्हणून ती चाचणीत मुद्दाम घडवून बघा. टक्कर-इशारा फार संवेदनशील ठेवू नका. खोट्या इशाऱ्यांना कंटाळलेला कंट्रोलर खऱ्याकडेही दुर्लक्ष करतो. बदल कमी वाहतुकीच्या वेळी करा, सुरुवातीला सेक्टरची (कंट्रोलरकडे सोपवलेल्या हवाई भागाची) क्षमता घटवा. जुन्या प्रणालीवर परतण्याचा सराव मात्र प्रत्येक शिफ्टकडून करून घ्याच.