केसपेपर मोठा, चिठ्ठी लहान

प्रिय डॉक्टर,

परवा रात्री साडेअकराला तुझा फोन आला तेव्हा आवाजावरूनच कळलं, काहीतरी बिनसलंय. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, तापाचा तिसरा दिवस, सोबत आई आणि थोरला भाऊ. त्यांना सलाईन हवं होतं. तू पॅरासिटामॉल आणि ओआरएस दिलंस, डेंग्यूची एनएस-वन तपासणी आणि रक्तपेशी मोजणारी सीबीसी लिहिलीस. भावाने "एवढ्यासाठी फी घेता?" म्हणत चिठ्ठी टेबलावर आपटली आणि ते समोरच्या दवाखान्यात गेले. मग तू मला विचारलंस, "सर, सलाईन लावून टाकायला हवं होतं का?"

नाही. हे मी फोनवर सांगितलंच. पण तुझ्या प्रश्नामागे जी भीती होती तिच्याबद्दल शांतपणे बोलायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र आपल्या कंपाउंडरकाकांच्या हाती पाठवतोय.

मी पस्तीसहून जास्त वर्षं भांडुपला दवाखाना चालवतोय. माझ्या हातून ज्या चुका झाल्या त्यातल्या फार थोड्या अज्ञानातून झाल्या. बाकीच्या घाबरून झाल्या. पेशंट दुसरीकडे जाईल ही भीती, नातेवाईक चिडतील ही भीती, उद्या कोणी नोटीस पाठवेल ही भीती. घाबरलेला डॉक्टर चिठ्ठीवर जास्त लिहितो आणि केसपेपरवर कमी. तू उलटं करायला शिक, बाकी तुला बरंच येतं.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. प्रॅक्टिसची दहा-बारा वर्षं झाली होती. जवळच्या एका कारखान्यातला कामगार खोकला घेऊन आला. तीन आठवड्यांचा खोकला होता, हे मी विचारलंही नाही. "साहेब, काहीतरी जोराचं द्या, रजा नाही," असं म्हणाला. लेव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक तेव्हा नवं होतं आणि आम्हा सगळ्यांच्या फार हातात बसलं होतं. मी पाच दिवस दिलं, त्याला बरं वाटलं. महिन्याने पुन्हा आला, पुन्हा तेच दिलं, पुन्हा बरं वाटलं. तिसऱ्या वेळी बायको सोबत आली. ती काही बोलली नाही, फक्त त्याचा शर्ट वर करून कमरेचा पट्टा दाखवला. पट्ट्याला घरी खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं होती. एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला तर उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात रुपयाएवढी पोकळी. त्या एकट्या औषधाने टीबीचे जंतू काही दिवस दबतात, सगळे मरत नाहीत, उलट उरलेले औषधाला निर्ढावतात. मी दोन महिने त्याचा आजार झाकून ठेवला होता. तो बरा झाला. पण तोवर त्याच्या चार वर्षांच्या मुलीच्या मानेत गाठ आली होती. त्या मुलीलाही सहा महिने औषधं घ्यावी लागली. तो पट्टा मला अजून दिसतो.

हे मुंबईत विसरून चालत नाही. २०१२ च्या सुरुवातीला याच शहरातून अशा पेशंटांची बातमी जगभर गेली, ज्यांच्या टीबीवर तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. त्याच वर्षी टीबीची नोंद सरकारला कळवणं खासगी डॉक्टरांनाही सक्तीचं झालं. ते निर्ढावलेले जंतू आकाशातून पडले नव्हते. अर्धवट कोर्स आणि घाईघाईच्या चिठ्ठ्यांनी तयार केलेले होते. दोन आठवड्यांच्या वरचा खोकला असेल तर आधी थुंकी तपासायला पाठव. सीबीनॅट या मशिनवरच्या तपासणीत दोन तासांत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का, दोन्ही कळतं. पेशंट म्हणेल, "नुसती तपासणी? औषध काहीच नाही?" तेव्हा त्याला पाच मिनिटं दे. ती पाच मिनिटं हेच त्या दिवसाचं औषध.

आणि निदान झालं की निक्षय या सरकारच्या टीबी पोर्टलवर नोंद कर. पेशंटला पोषणासाठी जे पैसे मिळतात तेही त्या नोंदीवरूनच मिळतात. शेजाऱ्यांना कळेल म्हणून लोक नको म्हणतात. त्यांना समजाव, पण टाळू नकोस.

आता पावसाळा आहे, म्हणून तापाबद्दल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे सगळ्यांना पाठ आहे. आम्हा डॉक्टरांना पाठ आहे तो त्यानंतरचा ऑगस्ट. पाय ओढत पेशंट यायचे, पोटऱ्या दुखतात म्हणायचे, डोळे लाल. त्या दिवसांत एक प्रश्न कुठल्याही तपासणीपेक्षा मोलाचा होता: "पाण्यातून चालत आलात का? पायाला जखम होती का?" केसपेपरवर तो प्रश्न आणि त्याचं उत्तर लिही. लॅबचा रिपोर्ट यायच्या आधी लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा, संशय तिथेच येतो.

डेंग्यूत सगळं घर प्लेटलेटचा आकडा घेऊन बसतं. तू त्या आकड्यात अडकू नकोस. रक्तस्राव नसेल तर आकडा दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत प्लेटलेट चढवायची सहसा गरज नसते, आणि तरीही घाबरून किती पिशव्या चढतात! माणूस बिघडतो तो ताप उतरताना. घरचे म्हणतात, ताप गेला, बरा झाला. नेमके तेच एक-दोन दिवस धोक्याचे. रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपायला लागतं. पोट दुखतं, उलट्या थांबत नाहीत, लघवी कमी होते, हातपाय गार पडतात. ब्लड प्रेशर १०० वर ८० आलं तर कुणीही नॉर्मल म्हणून पुढे जाईल. तू जाऊ नकोस. वरच्या आणि खालच्या आकड्यातलं अंतर वीसवर आलंय, म्हणजे शरीर शेवटचा जोर लावतंय. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती घट्ट झालंय ते, बघ आणि त्याला ताबडतोब ॲडमिट कर. अशा वेळी सलाईन जीव वाचवतं, आणि तेही मोजून. तिसऱ्या दिवशी तोंडाने पाणी पिणाऱ्या मुलाला "ताकद येईल" म्हणून लावलेलं सलाईन फक्त बिल वाढवतं.

कटबद्दल, म्हणजे पेशंट पाठवल्याच्या कमिशनबद्दल, तू अडखळत विचारलं होतंस. लॅबचा माणूस महिनाअखेरीला पाकीट ठेवून गेला, परत कसं करायचं? माझ्याही टेबलावर ते आलं होतं. सरळ त्याच्या हातात दे आणि सांग, हे माझ्या पेशंटच्या बिलातून कमी करा. तो पहिल्यांदा हसेल. तिसऱ्या महिन्यापासून आणणार नाही. व्यावसायिक आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत कमिशन घेणं-देणं निषिद्धच आहे, पण नियमापेक्षा माझं कारण साधं आहे. एकदा पाकीट घेतलं की पुढच्या पेशंटला एमआरआय खरंच हवा होता की नाही, हे तुझं तुलाच सांगता येणार नाही. खासगी कॉलेजची फी, गाळ्याचं भाडं, मशिनचा हप्ता, हे सगळं मला ठाऊक आहे. तुझ्या पिढीवर हे ओझं आमच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे आणि ते अन्यायाचं आहे. तरीही ते फेडायचं पेशंटच्या खिशातून चोरून नाही. हवं तर फी वाढव, पाटीवर लिही, उघडपणे घे.

नोटिशीची भीती वाटते म्हणालीस. १९९५ पासून आपण ग्राहक कायद्याखाली आहोत, ते काही नवीन नाही. फौजदारी गुन्ह्यासाठी मात्र साधी चूक पुरत नाही, निष्काळजीपणा घोर असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पष्ट केलंय. दोन्हीकडे कामाला येतो तो केसपेपरच. काय तक्रार होती, काय तपासलं, काय सापडलं नाही, काय सांगितलं, कधी परत बोलावलं. "ॲडमिट व्हायला सांगितलं, नकार दिला" हेही लिही आणि सही घे. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर दिलेला सल्लासुद्धा दुसऱ्या दिवशी तारखेसह उतरवून ठेव. संमतीपत्र मराठीत असू दे, हिंदीत असू दे, पण ज्याची सही आहे त्याला कळलेलं असू दे.

मारहाणीविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, गुन्हा अजामीनपात्र. तो असायलाच हवा. पण रात्री एक वाजता दारात पंधरा माणसं उभी असतात तेव्हा कायदा पोलीस स्टेशनात असतो. ओपीडीत एकटी बसू नकोस. वाईट बातमी उभ्या-उभ्या देऊ नकोस, आणि ती अचानक तर कधीच देऊ नकोस. दर दोन तासांनी बाहेर येऊन "अजून सुधारणा नाही" एवढं जरी सांगितलंस तरी शेवटी सांगावं लागतं ते अंगावर येत नाही.

मला बरं वाटेल अशी आणखी एक गोष्ट कर. धोबी तलावाकडे गेलीस तर डॉक्टर अकाशियो व्हिएगस यांच्या पुतळ्यापाशी दोन मिनिटं थांब. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत त्यांनी प्लेग ओळखला. ते वस्तीत जाणारे, नाडी धरणारे डॉक्टर होते. आपण त्याच धंद्यात आहोत.

आणि झोप. दोन रात्री जागून तू फोन केला होतास हे आवाजात ऐकू येत होतं. तुझा स्वतःचा एक डॉक्टर ठरव, जो मी नसेन. मन फारच जड झालं तर १४४१६ वर टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, तिथे आपणही पेशंट म्हणून बोलू शकतो. त्यात काही कमीपणा नाही.

आता पत्र बाजूला ठेव आणि त्या मुलाच्या घरी फोन लाव. नंबर केसपेपरवर असेल. समोरच्या डॉक्टरकडे गेले म्हणून राग धरू नकोस. आज पाचवा दिवस. आई म्हणाली, "ताप उतरला, बरा आहे," तर विचार: लघवी किती वेळा झाली, पोट दुखतंय का, हातपाय गार आहेत का. शंका वाटली तर लगेच बोलावून घे, आणि ते आले की मला कळव, मी दवाखाना बंद करून येतो.

तुझा,
भांडुपचा सर