मारबत काढणाऱ्यांना काय देतात?

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा गाडीत तू विचारलंस, "आई, इथे टॉडच्या शर्यतीत इतकी वर्षं काम केलेल्या लोकांना नावं घेऊन पुढे बोलावलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांनी तर जन्मभर नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीसाठी बडगे, म्हणजे पुतळे, केले. त्यांना कधी असं बोलावलं का? आपल्याकडे अशा माणसांना काय देतात?" मी गाडी चालवत होते, तेव्हा तुला नीट उत्तर मिळालं नाही. म्हणून हे पत्र. मराठीत लिहितेय, सावकाश वाच. एखादा शब्द अडला तर त्याखाली रेघ मार, रात्री जेवताना बघू.

आधी इथलं सांगते, कारण ते तू डोळ्यांनी पाहिलंस. ऑस्ट्रेलियातली ही आपल्या ॲलिस स्प्रिंग्सची टॉड नदी वर्षातला बहुतेक काळ कोरडी असते, नुसती वाळू. त्या वाळूत 1962 पासून 'हेन्ली ऑन टॉड' नावाची होड्यांची शर्यत होते. होड्यांना तळ नसतो. खेळाडू नावेच्या सांगाड्यात उभे राहतात, तो उचलून धरतात आणि पळतात. नदीला पाणी आलं म्हणून 1993 साली ही शर्यत रद्द करावी लागली. असं कारण जगात दुसऱ्या कुठल्या नौकाशर्यतीला मिळालं नसेल! तुझ्या वर्गातल्या मुलांना शेवटची पिठाच्या पुड्यांची आणि पाण्याच्या फवाऱ्यांची लढाई आवडते. मला मात्र आदल्या दिवशी वाळूत दोऱ्या आखणारे, सांगाडे जोडणारे, उन्हात टोप्या घालून राबणारे म्हातारे-म्हाताऱ्या आवडतात. रोटरी क्लबची ही माणसं पगार घेत नाहीत, आणि जमलेला पैसा लोकांच्या उपयोगी कामांना जातो. ज्यांचं काम शर्यत चालू असताना दिसतच नाही त्यांची नावं माइकवरून घेतली, हे मला फार बरं वाटलं.

आता नागपूरचं. तू तिथे दोनदा गेलीस ती मे महिन्यात, त्यामुळे मारबत तू फक्त आजोबांच्या फोनवर पाहिली आहेस. श्रावणातल्या अमावास्येला पोळा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत. त्या दिवशी नागपुरात सुट्टी असते. बांबू, कागद आणि कापड यांची प्रचंड मोठी बाईची आकृती, तीच मारबत. काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. पिवळी जागनाथ बुधवारीतल्या तऱ्हाने तेली समाजाची. काळीबद्दल लोक सांगतात की भोसले घराण्यातल्या बाकाबाईंनी इंग्रजांशी हातमिळवणी केली, त्या रागातून ती सुरू झाली. पिवळीला मात्र लोक देवीसारखं मानतात. मिरवणुकीआधीचे काही दिवस तिची पूजा होते, बायका तान्ह्या लेकरांना घेऊन तिच्या पाया पडायला येतात. मग इतवारीच्या अरुंद रस्त्यांतून दोघी निघतात, छपरांवर, गच्च्यांवर, खिडक्यांत माणसं, आणि एकच आरोळी: "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत! रोगराई घेऊन जा गे मारबत!" शेवटी त्यांना जाळतात. वर्षभराचं जे वाईट, ते तिच्याबरोबर गावाबाहेर.

मारबतींच्या मागून बडगे येतात. बडग्या म्हणजे त्या त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आहे त्याचा पुतळा. महागाई, लाच, भेसळ, रस्त्यावरचे खड्डे, काहीही. अंगावर पाट्या लावलेल्या, आणि पाटीवरची भाषा अशी की घरी बोललीस तर मी रागावेन. आजोबांचं काम हे बडग्यांचं.

आमच्या गल्लीतल्या बडग्याचं काम राखीनंतर लगेच सुरू व्हायचं. एका घराच्या पडवीत बांबू चिरून ठेवलेले असायचे. पहिले काही दिवस नुसता वाद: यंदा कोणाला जाळायचं? एकदा विषय ठरला की सांगाडा बांधायचा, त्यावर गवत किंवा चिंध्या, मग रद्दीचा कागद थरावर थर. कागद चिकटवायला खळ लागते. मैदा पाण्यात शिजवून, त्यात किडी-उंदीर लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घालून ती करायची. मोरचूद विषारी असतो, म्हणून त्या पातेल्याला आम्ही पोरांनी हात लावायचा नाही, असा आजीचा कडक नियम होता. पातेलंही वेगळं, स्वयंपाकघरात कधी न येणारं. ऑगस्टची नागपुरी दमट हवा, कागद सुकायला दोन-दोन दिवस घ्यायचा, आणि पोरं उतावळी. आजोबांचं ठरलेलं वाक्य, "पोट्टेहो, कागद सुकू द्या, घाई काहून करता?" दिवसा ते दुकानात नोकरीला, रात्री नऊनंतर पडवीत. कोणी त्यांना काम सांगितलं नव्हतं, कोणी पैसे देत नव्हतं. वर्गणी जमायची ती बांबू, रंग आणि बँडवाल्यांतच संपायची.

मग त्यांना काय मिळालं? तुझ्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं तर: शाल एकदा, नारळ बऱ्याचदा, आणि आखणी.

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. गणपतीच्या कारखान्यात हे काम सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जाणत्या हाताकडे असतं. आमच्या बडग्यालाही डोळे शेवटी काढायचे, आणि ते आजोबांनीच. आता त्यांचे गुडघे गेलेत, पडवीत बसवत नाही, बांबू बांधायचं काम तर केव्हाच तरुण मुलांकडे गेलं. पण अजूनही बडग्या तयार झाला की मुलं डोक्याचा भाग वेगळा ठेवतात, दोघं तिघं धरून आमच्या दारात आणतात, आजोबा खुर्चीत बसून डोळे काढतात आणि मग ते डोकं धडावर चढतं. हात थोडा थरथरतो. एका वर्षी एक डोळा मोठा झाला, मुलांनी तसाच ठेवला. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही, पण गल्लीत कुणालाही विचार, डोळे कोणाचे? ते आजोबांचं नाव सांगतील.

आपल्याकडे राबणाऱ्याला मान देण्याची ही जुनी रीत आहे, बेटा. कामातलाच एक तुकडा त्याच्या नावाने राखून ठेवायचा. जत्रेत पालखीला पहिला खांदा कोणी द्यायचा, पहिला नारळ कोणी फोडायचा, हे ठरलेलं असतं आणि तो मान असलेलं घर मोडून पडलं तरी लोक त्या घरच्यांची वाट बघतात. पोळ्याचंच बघ. तो सणच मुळी वर्षभर राबणाऱ्याचा. आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपाने चोळतात, कारण जू तिथेच बसतं, आणि त्याला म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." पाहुण्याला देतात तसं रीतसर आमंत्रण. दुसऱ्या दिवशी त्याला कामाला जुंपत नाहीत, शिंगं रंगवतात, अंगावर झूल, तोंडात पुरणपोळी. तोरणाखाली बैल उभे राहतात आणि माणसं झडत्या, म्हणजे पोळ्याची यमकातली गाणी, म्हणतात. बैल राखणाऱ्या गड्याला नवे कपडे, आणि तो बैल घेऊन दारोदार जातो तेव्हा त्याला बोजारा, म्हणजे ओवाळणीसारखे पैसे. ज्याने ओढलं त्याचा मान आधी, आणि मग दुसऱ्या दिवशी ईडापीडा हाकलायची. हा क्रम मला लहानपणापासून फार योग्य वाटत आलाय.

शालीचंही सांगते, कारण इथे आपल्या मंडळात तू ते पाहिलंयस आणि कंटाळलीसही. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. श्रीफळ म्हणजे नारळच. बाईचा सन्मान असेल तर पूर्वी ओटी भरायचे: खण, नारळ, तांदूळ. घरातल्या मोठ्यांची पंचाहत्तरी असो की शाळेतल्या शिपायांची निवृत्ती, आपण शाल पांघरतो. पांघरणं महत्त्वाचं, हातात देऊन चालत नाही; देणाऱ्याला जवळ यावं लागतं. जिथे चार माणसं मनापासून हे करतात तिथे शालीची ऊब मी पाहिली आहे.

पण हल्ली सार्वजनिक उत्सवात काय होतं, तेही तुला माहीत असावं. मांडव घालणारा, रात्रभर जागून वायर जोडणारा, मिरवणुकीत दोरी धरून गर्दी मागे ढकलणारा पोरगा खाली उभा असतो, आणि शाल पडते वर बसलेल्या पुढाऱ्याच्या खांद्यावर, ज्याने फक्त फलकाचे पैसे दिले. फलकावर फोटोही त्याचाच. मला याचा राग येतो. आजोबांना शाल मिळाली ती अशाच एका सभेत, रांगेतले ते अकरावे की बारावे. नाव चुकीचं वाचलं गेलं. त्यांनी घरी येऊन ती शाल आजीला पांघरली, आणि आजी ती अजून थंडीत वापरते.

मान राखून ठेवण्याच्या रीतीतही एक मोठी उणीव आहे. तो घराण्याने चालतो, आणि बहुतेक पुरुषांनी चालतो. वर्षानुवर्षं खळ आजीने शिजवली, तिचं नाव गल्लीत कोणी घेत नाही. पाट्यांवरची अक्षरं समोरच्या घरातली एक मुलगी काढायची, पुढे तिचं लग्न झालं आणि अक्षरं कोणाची हेही लोक विसरले. आणि मिरवणूक संपल्यावर? इतवारीच्या रस्त्यांवर कागद, चपला, पाण्याच्या पिशव्या, फुटलेले नारळ. ते सगळं झाडतात महापालिकेचे सफाई कामगार. सगळ्या शहराने "घाण घेऊन जा" म्हणून ओरडून झाल्यावर ती खरोखर घेऊन जातात ती ही माणसं. त्यांना ना आखणी, ना नारळ, ना शाल. इथल्या लोकांचं मला म्हणून पटलं. त्यांनी पाण्याच्या बाटल्या वाटणारीचंही नाव घेतलं, आणि ती कोणाची मुलगी, कुठल्या घरातली, हे विचारलं नाही. या देशात सरकारी सन्मानांसाठीही कुणीही शेजाऱ्याचं नाव सुचवू शकतं. आपल्या पद्म पुरस्कारांसाठीही आता तसं करता येतं, पण गल्लीतल्या माणसाला आपल्या शेजारणीचं नाव तिथे पाठवावं असं सुचतच नाही.

तर माझं मत असं. तिथली राखून ठेवलेल्या कामाची रीत सोडू नये, कारण म्हाताऱ्या माणसाला प्रमाणपत्रापेक्षा अजून आपली गरज आहे हे कळणं मोठं असतं. आणि इथली, प्रत्येकाचं नाव मोठ्याने आणि बरोबर घेण्याची रीत आपण उचलावी. मी गल्लीतल्या मुलांना तसं कळवलंय. बडग्याच्या पाठीला एक पाटी असते, जिच्यावर दरवर्षी वर्गणीदारांची नावं असतात. यंदा तिथे काम करणाऱ्यांची नावं लिहा, म्हटलं, खळ करणारीपासून. एकाने विचारलं, "पण ती पाटी तर जळणार ना ताई?" मी म्हटलं, मग जाळण्याआधी ती वाचून दाखवा, सगळ्यांना ऐकू येईल अशी. ते हो म्हणालेत. सफाई कामगारांना दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतर्फे चहा-फराळ द्यायचं ठरवतायत, खर्च मी आणि बाबा उचलतोय. तुझ्या खाऊच्या पैशातून तुला काही घालायचं असेल तर घाल, जबरदस्ती नाही.

आता तुझ्याकडे एक काम. पोळ्याच्या दिवशी तिथे संध्याकाळचे पाच वाजतील तेव्हा इथे रात्रीचे साडेनऊ नाही, नऊच वाजलेले असतील; चार तासांचा फरक ध्यानात ठेव. तेव्हा नागपूरला फोन कर. फोन आजीला द्यायला सांग आणि तिला विचार: मैद्याला पाणी किती, गुठळ्या होऊ नयेत म्हणून काय करायचं, खळ तयार झाली हे कसं कळायचं, पावसाळ्यात ती किती दिवस टिकते. वहीत उतरून घे, मराठीत. मोरचुदाचा भाग आपण वगळू, तो विषारी. शाळेच्या नावेला पुढच्या वर्षी कागदाचं डोकं लावायचं म्हणत होतीस ना, त्याला तीच खळ करू.

तुझी,
आई