पाण्यातली कटिंग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मनी प्लांटची तीन पानं देठासकट बाटलीत ठेवली. दीड महिना झाला. मुळं आली, पण नवा कोंब येत नाही. (नाशिक)

उत्तर : येणारही नाही. कोंब फुटतो तो वेलाच्या पेरातून, पानाच्या देठातून नव्हे. पान वेलाला जिथे चिकटतं तिथे जाडसर कडं दिसतं, ते पेर. पानाच्या बेचक्यात डोळा, म्हणजे कोंबाची कळी, असतो आणि तिथेच एक तपकिरी, बोथट टोक दिसतं, ते हवाई मूळ. पाण्यात तेच आधी वाढतं. तुमच्या पानांना डोळाच नाही. ती महिनोन् महिने हिरवी राहतील आणि तेवढीच राहतील.

आता नव्याने कापा. दोन-तीन पेरांचा, 10 ते 15 सेंमीचा तुकडा पुरे. खालच्या पेराखाली सेंटीमीटरभर जागा सोडून धारदार कात्री चालवा आणि त्या पेराचं पान काढून टाका. पेर पाण्यात हवं, पान एकही नको. बुडालेलं पान सगळ्यात आधी कुजतं. कापल्यावर हात धुवा, चिकाने खाज सुटते.

प्रश्न : कोलियसच्या फांद्या चार दिवसांत खालून काळ्या, बुळबुळीत होतात. पाण्याला वासही येतो. (पुणे)

उत्तर : कोलियसला आठवडा-दहा दिवसांत मुळं यायला हवीत, म्हणजे दोष फांदीचा नाही. साचलेल्या कोमट पाण्यात प्राणवायू कमी पडतो आणि जिवाणू फोफावतात. बाटली उन्हात असेल, काठोकाठ भरलेली असेल किंवा एकीतच आठ-दहा काड्या कोंबल्या असतील, तर हे होणारच. काळा भाग कापत वर जा, आतला गाभा स्वच्छ हिरवट दिसला की थांबा. बाटली साबणाने घासा, पाणी 5 सेंमीच ठेवा, दर दोन-तीन दिवसांनी बदला. उजेड भरपूर, पण थेट ऊन नको. कळ्या आल्या असतील तर खुडा.

मध, हळद, दालचिनी काही घालू नका. मुळं लवकर फुटावीत म्हणून लावतात ती रूटिंग पावडरही पाण्यात नुसती धुऊन जाते. ती मातीत लावायच्या फांदीसाठी.

प्रश्न : बाटलीत मुळं वीतभर वाढतात, पण कुंडीत लावलं की रोप मान टाकतं. (ठाणे)

उत्तर : तुम्ही फार थांबलात. पाण्यात वाढलेली मुळं ठिसूळ असतात आणि मातीतून पाणी ओढणारे बारीक मूलरोम त्यांना कमी असतात. मुळं 3 ते 5 सेंमी झाली, त्यांना उपमुळं फुटू लागली की हलवा. आताची मुळं 5 सेंमीवर छाटली तरी चालेल. चार इंची कुंडी, निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), बाकी माती आणि थोडी वाळू. खत महिनाभर नको. माती दाबून बसवू नका, मुळं तुटतात. पहिले दहा-बारा दिवस ती सतत ओलसर ठेवा, मग पाणी हळूहळू कमी करा. नेहमीची चूक म्हणजे पहिल्याच दिवसापासून ‘माती सुकली की पाणी’ हा नियम लावणं.

प्रश्न : पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटचं पान कापून लावलं, पिल्लं साधी हिरवी निघाली. (कोल्हापूर)

उत्तर : पानापासून केलं की पिवळा काठ जातो. तो हवा तर कंद फोडून पिल्लं वेगळी करा.

प्रश्न : महापालिकेचा माणूस बाटल्या काढायला सांगून गेला. एवढ्याशा पाण्यात डास होतात? (मुंबई)

उत्तर : होतात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला घरातलं स्वच्छ, साचलेलं पाणीच लागतं आणि आपल्याकडच्या उकाड्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, बाटलीला आतून चिकटतात. सुकली तरी महिनोन् महिने टिकतात. त्यामुळे जुनं पाणी ओतून नवं भरणं पुरेसं नाही. आठवड्यातून एकदा बाटली आतून ब्रशने घासा आणि तोंडाशी फांदीभोवती कापूस घट्ट बसवा. ओतलेलं पाणी मोरीत नको, कोरड्या मातीवर टाका.