वाचकांचे प्रश्न: संग्रहालय गावात, पण गाव काही आत येईना

प्रश्न: नमस्कार जी. आमचं गाव आर्वी तालुक्यात. आम्ही काही पोट्ट्यांनी मिळून जुन्या वस्तू गोळा केल्या, तिफन (पेरणीचं अवजार), वखर, सरता (तिफनीमागं बी सोडायची नळी), जातं, जुनी वजनं-मापं, अन् आमच्या मोठ्या बाबांच्या रिकाम्या वाड्यात मांडून ठेवल्या. उद्घाटनाला लय गर्दी होती, आता शाळेतले पोरं सोडले तर कोणीच येऊन नाई राह्यलं. म्हाताऱ्या बाया ओट्यापर्यंत येतात, डोकावतात अन् वापस जातात. तिकीट पण नाही, तरी काहून असं?

उत्तर: भाऊ, ओट्याला पायऱ्या किती ते तुम्ही लिहिलं नाही, पण वाडा म्हटलं की चार-पाच असणारच अन् वर उंबरठा. गुडघे गेलेल्या माणसाचं संग्रहालय तिथंच संपतं. रॅम्पचा हिशोब सोपा आहे, 1 फूट उंची असेल तर 12 फूट लांबी. बरेच लोक जागा वाचवायला सिमेंटची उभी घसरगुंडी करून ठेवतात, त्यावर व्हीलचेअर चढवायला दोन जण लागतात अन् उतरवताना तर जीवच मुठीत. अडीच फुटाचा ओटा म्हणजे 30 फूट झाले, तेवढी जागा समोर नसेल तर गोठ्याकडचं दार बघा, बैल-बंडीसाठी केलेलं असल्यामुळे ते बहुतेक रुंद अन् सपाट असतं (व्हीलचेअरला 90 सेंटिमीटर तरी पाहिजे). पण मग तेच सगळ्यांचं दार करा, सरपंचांचं पण. दिव्यांगांना मागून अन् बाकीच्यांना पुढून असं नको. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखीव असतो, त्यातून रॅम्पला मदत होते का ते ग्रामसेवकाला विचारा.

खरं सांगू का, मला पायऱ्यांपेक्षा वाडाच जास्त खटकला. ज्या बाया ओट्यापर्यंत येतात म्हणता, त्यांच्यातल्या कितीतरी जणी आयुष्यभर अशाच कुठल्यातरी ओट्याखाली मजुरीसाठी उभ्या राहिल्या असतील, त्या आता 'फुकट आहे' एवढ्यावर आत येतील कशाला. अन् वस्तू कोणाच्या घरच्या आहेत? सगळ्या दोन-चार मोठ्या घरांतल्या असतील तर उरलेल्या गावाला ते त्यांचंच घर वाटणार. बुरडाच्या टोपल्या, डफडं, चांभाराची अवजारं, बाबासाहेबांच्या कार्यक्रमाचे जुने फोटो, हे पण मागा, जाऊन मागा, अन् ज्याची वस्तू त्याचं नाव मोठ्या अक्षरात लावा. एखादी खोली शाळेत किंवा समाजमंदिरात मिळत असेल तर मी वाडा सोडून तिकडे जाईन, पण ते तुमच्या मोठ्या बाबांशी तुम्हीच बोला, मला त्यात ओढू नका.

वेळ काय ठेवलीय? 11 ते 5 असेल तर कापूस वेचणीच्या दिवसात एकही बाई येणार नाही अन् मे महिन्यात तर कोणीच नाही. संध्याकाळी दिवाबत्तीनंतर तासभर उघडा, बाजाराच्या दिवशी नक्की.

आणि 'हात लावू नये' ही पाटी असेल तर निदान तिफनीवरून काढा. कागद, फोटो, जुनं लुगडं यांना हाताच्या घामानं नुकसान होतं, ते काचेत राहू द्या. पण जातं? त्याला कोणी ओढल्यानं काय होणार आहे. सरता कसा धरायचा, तिफनीच्या मागं चालत तूर कशी सोडायची हे ज्या बाईनं केलंय तिलाच सांगायला बोलवा, तिचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करा अन् बटण दाबलं की वाजेल असा साधा स्पीकर बसवा, ज्याला वाचता येत नाही किंवा दिसत नाही त्याचं पण काम होतं. क्यूआर कोडच्या भानगडीत पडू नका, रेंज कुठं असते आपल्याकडे. पाट्या घरच्या बोलीत अन् बसलेल्या माणसाच्या नजरेला येतील अशा खाली लावा, दोन पाठीच्या खुर्च्या ठेवा. बस.

प्रश्न: माझी मुलगी सहावीत आहे, तिला अजिबात दिसत नाही. तिला संग्रहालय दाखवायचं आहे, पण सगळं काचेत असतं. कुठं न्यावं? (चंद्रपूरकडची एक आई)

उत्तर: ताई, दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात 2015 साली 'अनुभव' नावाचं दालन सुरू झालं, तिथं मूर्तींच्या प्रतिकृती हातानं चाचपून बघता येतात, ब्रेलमध्ये माहिती असते. पण दिल्ली लांब पडते. जवळचं म्हणाल तर वर्ध्याचं मगन संग्रहालय (1938 साली गांधीजींच्या हस्ते सुरू झालं), तिथं चरखे अन् ग्रामोद्योगाच्या वस्तू आहेत, अन् लगेच सेवाग्रामला बापूकुटीत गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मातीच्या भिंतीवर उठावानं काढलेली ताडाची झाडं. नागपूरचा अजब बंगला, म्हणजे तिथलं मध्यवर्ती संग्रहालय, पण आहे, दगडी मूर्ती भरपूर, फक्त सोमवारी जाऊ नका, बंद असतो. तिन्हीकडे आधी फोन करून विचारा की कशाला हात लावू देतील अन् सोबत सांगणारं कोणी मिळेल का. परवानगी देणारा माणूस गेटवर नसतो, क्युरेटरशीच (वस्तूंची जबाबदारी असलेल्या माणसाशी) बोला, अन् शाळेच्या सहली नसतील असा दिवस मागून घ्या, गर्दीत तिला काही नीट ऐकू पण येणार नाही.