ब्लॉगिंग समुदाय बदलला म्हणून इतका राग येणं चुकीचं आहे का?

तुम्ही लिहिलंय की नऊ वर्षं ज्या समुदायावर ब्लॉग लिहिताय तिथं गेल्या महिन्यात सगळं बदललं. प्रतिसादांचे धागे विस्कटले, खरडवही (एकमेकांना चार ओळी लिहून ठेवायची जागा) बंद झाली आणि तक्रार केल्यावर 'होईल हळूहळू सवय' असं उत्तर आलं. तुम्ही उगाच चिडताय का?

अजिबात नाही. नवा रंग खुपतो, बटणं सापडत नाहीत, त्याची आठवड्याभरात सवय होते हे खरं. पण खालचे प्रतिसाद गेले तर त्याची सवय कशी व्हायची?

आईच्या शेवटच्या आजारपणावर मी २०१० मध्ये एका मराठी संकेतस्थळावर लिहिलं होतं. लेखाखाली साठाच्या वर प्रतिसाद होते. शारजाहून एक बाई लिहायच्या. त्यांचं खरं नाव मला कधी कळलं नाही, आयडी तेवढा ओळखीचा. त्यांनी स्वतःच्या आईबद्दल चार परिच्छेद लिहिले होते आणि ते मी कितीदा वाचले असतील याची गणती नाही. पुढे संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवलं. लेख शाबूत राहिले, पण प्रतिसादांतलं देवनागरी गेलं. तीन प्रश्नचिन्हं, मोकळी जागा, मग पाच प्रश्नचिन्हं, असं पानभर. मधेच एखादा हसरा चेहरा तेवढा वाचला होता, कारण तो अपूर्णविराम आणि कंसाचा असतो. चालकांना बॅकअपचं विचारलं. होता, पण तो हलवल्यानंतरचा. त्या बाई त्याआधीच लिहायच्या बंद झाल्या होत्या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला, उत्तर आलं नाही.

म्हणून तुमचा राग मला कळतो. लेख आपला असतो, पण त्याखालचं सगळं दहा-वीस लोकांनी मिळून लिहिलेलं असतं आणि ते पुन्हा कुणालाच लिहिता येत नाही.

चालकांची बाजूही आहे. काही मराठी संकेतस्थळं ड्रुपल या संकेतस्थळ चालवायच्या सॉफ्टवेअरवर उभी आहेत आणि ड्रुपल ७ चा अधिकृत पाठिंबा ५ जानेवारी २०२५ ला संपला. जुनं तसंच ठेवलं तर सुरक्षेचा धोका. बदल करावाच लागतो, पण तो महिनाभर आधी सांगून, जुनी पानं वाचनमात्र ठेवून करता येतो. ते केलं नाही याचा जाब विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या संकेतस्थळाची गोष्ट या बाबतीत फार शिकवते. मे २००७ मध्ये त्यांनी आक्षेपार्ह मजकुराच्या संशयावरून एका फटक्यात सुमारे ५०० खाती आणि समुदाय बंद केले. बंद खात्याच्या नावावर आडवी रेघ दिसायची. त्यात निव्वळ कथा-कादंबऱ्यांवर बोलणारे गटही सापडले. लोक इतके उसळले की कंपनीला माफी मागून बरीच खाती परत सुरू करावी लागली. पण विश्वास उडाला तो उडालाच. त्याच वर्षी चाहत्या लेखकांनी (आवडत्या पुस्तकांतल्या, मालिकांतल्या पात्रांवर स्वतःच्या कथा लिहिणाऱ्यांनी) स्वतःची ना-नफा संस्था काढली, सर्व्हर आपल्याच मालकीचे असावेत या हट्टानं. त्यांचं 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे अशा कथांचं संकेतस्थळ २००९ मध्ये खुलं झालं. लाइव्हजर्नलच्याच माजी कर्मचाऱ्यांनी ड्रीमविड्थ हे ब्लॉगचं नवं संकेतस्थळ उभं केलं, तेही २००९ मध्येच. तिथं जुन्या नोंदी प्रतिसादांसकट आणता येतात, आणि मला त्यातलं हे 'प्रतिसादांसकट' सगळ्यात मोलाचं वाटतं.

उलट मल्टिप्लाय या ब्लॉग आणि फोटोंच्या संकेतस्थळानं २०१२ मध्ये ब्लॉग आणि फोटो बंद करून फक्त दुकानदारी ठेवायचं ठरवलं आणि लोकांना १ डिसेंबरपर्यंत सामान हलवायला सांगितलं. ज्यांना निरोप वेळेत पोचला नाही त्यांचं काय झालं असेल?

तेव्हा राहायचं की सोडायचं हे नंतर ठरवा. आधी तुमचं लिखाण बाहेर काढा. एक्सपोर्टची सोय असेल तर फाइल उतरवा, पण वर्डप्रेसच्या एक्सपोर्टमध्ये फोटोंचे फक्त दुवे येतात, फोटो येत नाहीत. ते वेगळे उतरवावे लागतात. एक्सपोर्टची सोय नसेल तर एकेक पान उघडून पीडीएफ करा. कंटाळवाणं काम आहे, दोन-तीन रविवार जातील. प्रतिसाद घडी घातलेले असतील तर आधी सगळे उलगडून घ्या, नाहीतर पीडीएफमध्ये नुसतं 'आणखी १४ प्रतिसाद' एवढंच छापलं जाईल. जुनं पान गायब झालंच असेल तर त्याचा पत्ता वेबॅक मशीनमध्ये (जुन्या वेबपानांच्या प्रती साठवणारं संकेतस्थळ) टाकून बघा. माझ्या आईच्या लेखाची प्रत तिथं नव्हती, पण दुसऱ्या दोन लेखांची प्रतिसादांसह सापडली.

आणि ज्या दहाबारा जणांसाठी तुम्ही तिथं जाता त्यांना आजच व्यनि करून ईमेल पत्ते मागून घ्या. व्यनिची सोय अजून चालू आहे तोवर.